मद्यार्कावर चालणारें इंजिन

सन १९७६ मध्यें ब्राझील देशांतील साओ जोसे दोस काम्पोस या शहराहून तीन मोटारी लांबच्या प्रवासास निघाल्या. एक डॉज कंपनीची होती. दुसरी फोक्सवॅगनची कासवाच्या पाठीसारख्या आकाराची, आणि तिसरी गुर्गेल नांवाच्या देशी कारखान्यानें बांधलेली, जीपच्या घाटाची. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून सुमारें आठ हजार किलोमीटरांची मजल त्यांनीं मारली. मोटारीनें लांबचा पल्ला गांठणें ही १९७६ सालीं नवलाची गोष्ट राहिली नव्हती. नवल होतें तें त्यांच्या इंजिनांचें. तीं इंजिनें पेट्रोलवर नव्हे, तर उसापासून काढलेल्या मद्यार्कावर चालत होतीं.

मद्यार्क जळतो हें कोणास सांगावयास नको. शाळेच्या प्रयोगशाळेंत स्पिरिटच्या दिव्यावर ज्यानें परीक्षानळी तापविली आहे, किंवा घरीं स्टोव्ह पेटवितांना ज्यानें त्याच्या वाटींत स्पिरिट ओतलें आहे, त्यास त्या निळसर, उन्हांत न दिसणाऱ्या ज्योतीची ओळख आहेच. इंजिनांत तो जाळण्याची कल्पनाहि जुनी. अमेरिकेंतील सॅम्युएल मोरे यांनीं १८२६ सालीं टर्पेंटाइन व मद्यार्क यांच्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनाचा हक्क नोंदविला, तेव्हां मोटारगाडी जन्मासहि आली नव्हती. जर्मनींत विसाव्या शतकाच्या आरंभीं बटाट्यापासून काढलेल्या मद्यार्कावर शेतकीचीं इंजिनें चालत. मग मोटारीच्या इतिहासांत मद्यार्क मागें कां पडला? पेट्रोल स्वस्त होतें, हें एक उत्तर आहे आणि तें खरेंहि आहे. परंतु पुरतें नाहीं. मद्यार्क जाळणें सोपें. ज्याला यंत्रांतलें कांहींहि कळत नाहीं अशा माणसानें सकाळीं उठून कळ फिरवावी आणि गाडी चालू व्हावी, रोज व्हावी, वर्षानुवर्षें व्हावी, असें मद्यार्काचें इंजिन बनविणें मात्र अवघड. शिवाय त्या माणसाचा भरंवसा ज्यांवर टिकतो त्यांतल्या निम्म्या गोष्टी इंजिनाच्या बाहेर असतात. ब्राझीलच्या वांट्यास या दोन्ही अडचणी एकामागून एक आल्या.

ब्राझील हा उसाचा देश. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत तेथें ऊस नेला, आणि आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर साखरेचे मळे उभे केले. खनिज तेल मात्र त्या देशास फार दिवस हातीं लागलें नाहीं. घरीं साखर मुबलक आणि तेल परक्याचें, ही विसंगति तेथील जाणत्यांस पहिल्या महायुद्धानंतरच खुपूं लागली होती. रिओ द जानेरो येथील सरकारी इंधन-प्रयोगशाळेनें १९२५ सालीं एक फोर्ड गाडी मद्यार्कावर चालवून दाखविली. १९३१ सालीं कायदा होऊन आयात पेट्रोलमध्यें शेंकडा पांच भाग मद्यार्क मिसळणें सक्तीचें झालें. दुसऱ्या महायुद्धांत तेलवाहू जहाजें येईनाशीं झालीं, तेव्हां कांहीं भागांत हें प्रमाण निम्म्यापर्यंत चढलें. त्याच सुमारास आपल्याकडे कोळशाच्या गॅसची भट्टी पाठीस बांधून बसगाड्या धांवत होत्या. ब्राझीलनें तोहि उपाय करून पाहिला. युद्ध संपलें, पेट्रोल पुन्हां स्वस्त झालें, आणि मद्यार्क साखर-कारखान्यांच्या अंगणांत परतला.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा, कारण पुढील सर्व हकीकत त्यावर अवलंबून आहे. आसवनींत ऊर्ध्वपातनानें मद्यार्क कितीहि वेळां गाळला तरी त्यांत शेंकडा चार-पांच भाग पाणी राहतेंच. नुसत्या उकळण्यानें तें निघत नाहीं. असा ओला मद्यार्क पेट्रोलमध्यें घातला तर पाणी व मद्यार्क तळाशीं निराळे होण्याचा धोका असतो. म्हणून मिश्रणासाठीं पाणी पूर्णपणें काढून टाकण्याचा आणखी एक खर्चिक संस्कार करावा लागतो. भारतानें स्वीकारला तो मार्ग मिश्रणाचा. त्यासंबंधीं १९४८ सालींच येथें कायदा झाला होता. २००१ मध्यें महाराष्ट्रांत मिरज व मनमाड येथें मद्यार्कमिश्रित पेट्रोलचे प्रयोग झाले, आणि २०२५ पर्यंत शेंकडा वीस भागांचें मिश्रण देशभर पोंचलें. या मार्गांत इंजिन फारसें बदलावें लागत नाहीं, पण मद्यार्क महाग पडतो. उलट, इंजिन जर केवळ मद्यार्कावर चालणार असेल तर त्यांतलें थोडें पाणी त्यास बाधत नाहीं. इंधन स्वस्त होतें, परंतु इंजिन नव्यानें घडवावें लागतें. हा दुसरा मार्ग ज्यांनीं चोखाळला ते उर्बानो एर्नेस्तो स्टुम्फ.

स्टुम्फ यांचा जन्म १९१६ सालीं ब्राझीलच्या अगदीं दक्षिणेकडील रिओ ग्रांदे दो सुल प्रांतांत झाला. साओ जोसे दोस काम्पोस येथें हवाई खात्याची संशोधनसंस्था आहे; तेथें त्यांचें काम चाले. मद्यार्काच्या इंजिनाचा त्यांचा अभ्यास १९५० नंतरच्या दशकांतला, म्हणजे कोणास त्याची गरज नव्हती तेव्हांचा. ही गरज १९७३ च्या अखेरीस उत्पन्न झाली. अरब-इस्रायल युद्धानंतर कांहीं महिन्यांतच तेलाचे भाव चौपट झाले. ब्राझील आपल्या गरजेपैकीं सुमारें चार-पंचमांश तेल बाहेरून आणीत असे. त्यांतच, १९७४ च्या अखेरीस आकाशाला भिडलेला साखरेचा जागतिक भाव पुढल्या वर्षीं कोसळला. एकीकडे तेलाचें देणें फिटेना, दुसरीकडे साखर विकून पैसा होईना, अशा पेंचांत असतां राष्ट्राध्यक्ष जनरल एर्नेस्तो गाइझेल १९७५ च्या मध्यास त्या संस्थेंत आले. तेथें स्टुम्फ यांचें काम त्यांनीं पाहिलें. त्याच वर्षीं १४ नोव्हेंबरला फर्मान निघून ‘प्रोआल्कोल’ या नांवानें प्रसिद्ध असलेली राष्ट्रीय मद्यार्क-योजना सुरू झाली. साखर-कारखानदारांची अडचण आणि राष्ट्राची अडचण नेमकी एकाच वेळीं आली नसती, तर स्टुम्फ यांचें इंजिन प्रयोगशाळेच्या ओट्यावरच राहिलें असतें, असें मला वाटतें. शिवाय देशांत लष्करी अंमल होता. हुकूम काढतांना फारसें कोणास विचारावें लागत नसे.

आतां त्या ओट्यावरील काम पाहूं. एक किलो पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें पावणेपंधरा किलो हवा लागते. एक किलो मद्यार्कास नऊ किलो पुरते, कारण मद्यार्काच्या रेणूंत प्राणवायु आधींच असतो. तेव्हां तितकीच हवा आंत ओढणाऱ्या इंजिनास मद्यार्क दीडपटीहून अधिक पाजावा लागतो, आणि त्यासाठीं कार्ब्युरेटरांतील इंधनाचीं बारीक छिद्रें मोठीं करावीं लागतात. हें झालें सोपें काम. पण एक लिटर मद्यार्कांत उष्णता असते ती एक लिटर पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. नुसतीं छिद्रें मोठीं करून सोडून दिलें, तर गाडी दीडपट इंधन पिणार आणि मालक पहिल्याच महिन्याच्या अखेरीस ती विकावयास काढणार.

येथें मद्यार्काचा एक गुण उपयोगीं पडला. पिस्टन वर येतांना हवा व इंधन यांचें मिश्रण जितकें अधिक दाबावें, तितकें त्याच उष्णतेंतून अधिक काम निघतें. परंतु पेट्रोलचें मिश्रण फार दाबलें तर ठिणगीची ज्योत पोंचण्यापूर्वींच त्याचा उरलेला भाग आपोआप भडकतो. इंजिन ठोके देऊं लागतें, आणि त्याकडे दुर्लक्ष केलें तर पिस्टन निकामी होतो. त्या वेळचें तेथील साधें पेट्रोल सात-आठ पटींपलीकडे दाबलेलें सोसत नसे. मद्यार्क मात्र अकरा-बारा पट दाबला तरी निमूट राहतो. म्हणून सिलिंडरच्या माथ्यापाशीं, मिश्रण जेथें पेटतें ती पोकळी, लहान करण्यांत आली. ठिणगीची वेळहि बदलली. परिणामीं इंजिनाचा जोर थोडा वाढला, आणि इंधनाचा खर्च दीडपटीऐवजीं सव्वापटीच्या थोडा वर येऊन थांबला. तोटा सर्वस्वीं भरून निघाला नाहीं. पण सरकारनें मद्यार्काचा भाव पेट्रोलच्या दोन-तृतीयांशाहून खालीं ठेवल्यावर मालकाच्या पदरांत चार पैसे उरूं लागले.

मात्र याच कृतीनें एक दोर कापला गेला. अकरा-बारा पट दाबणारें इंजिन त्या वेळच्या पेट्रोलवर चालविणें म्हणजे तें ठोक्यांनीं फोडून घेणें. सिंहगडावर सूर्याजी मालुसऱ्यानें परतीचा दोर कापला, तो मावळ्यांनीं लढावें म्हणून. येथें तो इंजिनाची काटकसर साधण्यासाठीं कापला गेला, आणि बुरुजावर अडकला तो गाडीचा मालक. पण त्याची प्रचीति यावयास अद्याप अवकाश होता.

दुसरी अडचण थंडीची. मद्यार्काची वाफ करावयास पेट्रोलच्या अडीचपट उष्णता लागते, आणि सुमारें १३ अंश सेंटिग्रेडच्या खालीं पेट घेण्याइतकी वाफच त्यावर जमत नाहीं. रिओच्या उकाड्यांत हें कोणास जाणवलें नसतें. परंतु दक्षिणेकडे, कुरितिबासारख्या उंचावरील शहरीं, जून-जुलै हे कडाक्याच्या थंडीचे महिने. त्यावरचा उपाय अगदीं घरगुती होता. बॉनेटखालीं पेट्रोलची एक छोटी टाकी बसवावयाची आणि गारठलेल्या सकाळीं चमचाभर पेट्रोल कार्ब्युरेटरांत सोडून इंजिन जागें करावयाचें. पेट्रोलची गुलामगिरी झुगारण्यासाठीं निघालेल्या गाडीस उठवावयास पेट्रोलच लागावें, हा विनोदच म्हणावयाचा! इंजिन सुरू झाल्यावर आंत जाणारें मिश्रण नीट वाफाळलेलें असावें म्हणून त्याची वाटहि ऊन राखावी लागे.

तिसरी अडचण गंजाची. ऐकावयास ती क्षुल्लक वाटते. पण तिनेंच लोकांस अधिक रडविलें. पेट्रोलच्या गाडींत कार्ब्युरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा, आणि टाकी आंतून शिशाचा लेप दिलेल्या पत्र्याची. पाणी असलेला मद्यार्क दोहोंसहि खाऊं लागला. खाल्लेल्या धातूचा चोथा इंधनाबरोबर वाहत येऊन बारीक छिद्रांत बसे आणि गाडी भर रस्त्यांत उभी राही. रबराच्या नळ्या फुगत. शेवटीं कार्ब्युरेटरला निकेलचा मुलामा देण्यांत आला, टाकीला शिशाऐवजीं कथलाचा लेप आला, पंपाचे व नळ्यांचे जिन्नस बदलले. पितळेच्या भांड्यांत आंबट कळकूं नये म्हणून आपण त्यास कल्हई करतों. त्याच जातीचें हें शहाणपण. इंजिनाच्या इतिहासांत दाबाचें गणित मांडणाऱ्याचें नांव राहतें; कल्हई करणाऱ्याचें राहत नाहीं. परंतु मद्यार्काची गाडी सामान्य माणसाच्या दारांत उभी राहिली ती या दुसऱ्या कामगिरीमुळें.

आरंभीं सांगितलेला १९७६ चा प्रवास याच काळांतला. इंजिन प्रयोगशाळेबाहेर टिकतें कीं नाहीं हें त्यांत कळावयाचें होतें, आणि लोकांच्या डोळ्यांनाहि दिसावयाचें होतें. पुढें सरकारी ताफ्यांतील गाड्यांवर अनुभव घेण्यांत आला. नंतर जुलै १९७९ मध्यें फियाट कंपनीच्या बेतीं येथील कारखान्यांतून १४७ या नमुन्याची मद्यार्कावर चालणारी गाडी विक्रीस आली. केवळ मद्यार्कासाठीं मुद्दाम घडवून कारखान्यांतून सरसहा विकलेली जगांतील ती पहिली गाडी. ब्राझीलमध्यें उसाच्या दारूला ‘कशासा’ म्हणतात. गाडीच्या धुराला तसाच दर्प येई. लोकांनीं तिला लाडानें नांव ठेवलें ‘कशासीन्या’, म्हणजे उसाची चिमुकली दारू.

त्याच वर्षीं इराणांत क्रांति होऊन तेल पुन्हां भडकलें. सरकारनें मोटार-कारखानदारांशीं करार केला, मद्यार्काच्या गाड्यांवरील कर उतरविले, कर्जें सुलभ केलीं. खप वाढला, आणि १९८१ मध्यें एकाएकीं बसला. कारण उघड होतें. जुन्या पेट्रोलच्या गाड्या मद्यार्कावर चालविण्यासाठीं गल्लोगल्लीं दुरुस्तीचीं दुकानें निघालीं होतीं; दाब वाढवून देणारे पुष्कळ, मुलामा देणारे थोडे. गंजलेले कार्ब्युरेटर आणि सकाळीं न उठणाऱ्या गाड्या यांची कुप्रसिद्धि चांगल्या गाड्यांसहि भोंवली. कारखान्यांनीं सुधारणा केल्या, सरकारनें सवलती वाढविल्या, आणि १९८५-८६ च्या सुमारास तेथें विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक केवळ मद्यार्कावर चालणाऱ्या होत्या. इतिहासांत कोणत्याहि देशानें आपलें इंधन इतक्या थोड्या वर्षांत इतकें बदललें नव्हतें.

या यशाचें मोल कोणी मोजलें हेंहि पाहिलें पाहिजे. साओ पावलो प्रांतांत मैलच्या मैल उसाखालीं गेले. ऊस तोडणाऱ्यांस मजुरी मिळे ती तोडलेल्या उसाच्या मापानें. पांच ओळी तोडून मोळ्या मधल्या ओळींत टाकावयाच्या ही जुनी वहिवाट. कारखानदारांनीं ती मोडून सात ओळी केल्या. कागदावर हा फरक दोन ओळींचा. कोयता हातीं असलेल्याला मात्र प्रत्येक कवळा अधिक लांब वाहून न्यावा लागे, आणि मजुरी तीच. मे १९८४ मध्यें ग्वारीबा गांवीं तोडणी-मजुरांचा संताप उसळला. गोळीबार झाला, एक माणूस मेला, आणि मग पांच ओळींची वहिवाट परत आली. आपल्याकडे बीडकडून कोयता घेऊन दर हंगामास कारखान्यांवर उतरणारीं कुटुंबें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस या दोन ओळींचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं. दुसरें मोल नद्यांनीं दिलें. एक लिटर मद्यार्कामागें आसवनींतून दहा ते पंधरा लिटर तपकिरी, घाण सांडपाणी निघतें. तें नद्यांत सोडण्यास १९७८ सालीं बंदी झाली. त्यांत पालाश असतें, म्हणून तें उसाच्याच शेतांत खत म्हणून पसरण्याची रीत पडली. चिपाडें तर भट्टीखालीं जळण म्हणून कामास येतच. या बाबतींत ब्राझीलचा हिशेब खरोखर चोख होता.

आतां त्या कापलेल्या दोराकडे वळूं. १९८६ मध्यें जगांत तेलाचे भाव कोसळले. मद्यार्काला द्यावयाची सवलत सरकारला जड होऊं लागली; महागाई भडकलेली, आणि कारखान्यांस मिळणारा मद्यार्काचा भाव सरकारनें दाबून धरलेला. इतक्यांत साखरेचा जागतिक भाव वर गेला. कारखानदारानें काय करावें? त्याच्या आवारांत एका उसाच्या रसाला दोन वाटा असतात, एक साखरेची आणि एक मद्यार्काची. तो भाव पाहून वाट बदलूं शकतो. गाडीच्या मालकाला मात्र वाट एकच होती. १९८९ च्या अखेरीस पंपांवरील मद्यार्क संपूं लागला. रांगा लागल्या. रस्त्यांवर अशा चाळीस लाखांहून अधिक गाड्या, आणि एकीलाहि शेजारच्या नळांतील पेट्रोल घालतां येईना. ज्या देशानें आयात टाळण्यासाठीं हा सारा खटाटोप केला, त्यास परदेशांतून मिथेनॉल आणून मद्यार्क व पेट्रोल यांत मिसळून वेळ भागवावी लागली. इंजिनांत कांहींहि बिघाड झाला नव्हता. तें १९८९ सालीं १९७९ पेक्षां कितीतरी चांगलें झालें होतें. तरी दहा वर्षांत जमविलेला भरंवसा एका हंगामांत गेला. १९९० मध्यें नव्या मोटारींत मद्यार्काच्या गाड्या दहांत एक या प्रमाणावर उतरल्या, आणि त्या दशकाच्या अखेरीस शंभरांत एकहि उरली नाहीं.

कारखानदारापाशीं होती तशी दुसरी वाट गाडीच्या मालकासहि मिळवून देणारें इंजिन मार्च २००३ मध्यें आलें. फोक्सवॅगनच्या ‘गोल’ या गाडीच्या टाकींत पेट्रोल घाला, मद्यार्क घाला, कोणत्याहि प्रमाणांत दोन्ही घाला, ती चालते. धुराच्या नळींत एक छोटा संवेदक बसविलेला असतो. जळून बाहेर पडणाऱ्या वायूंत प्राणवायु किती राहिला हें तो सांगतो, आणि त्यावरून गाडींतील गणकयंत्र टाकींत काय आहे हें ताडून इंधनाचें माप व ठिणगीची वेळ बदलतें. दाब मात्र मध्यम ठेवावा लागतो, म्हणजे मद्यार्काच्या अंगचा गुण पुरता वसूल होत नाहीं. निव्वळ यंत्रविद्येच्या दृष्टीनें पाहतां स्टुम्फ यांचें एकनिष्ठ इंजिन याहून सरस होतें. परंतु १९८९ ची रांग ज्यानें पाहिली होती त्यास ही सरसता नको होती. थोड्याच वर्षांत तेथील बहुतेक नव्या गाड्या अशाच निघूं लागल्या. २००९ पासून मद्यार्क आधींच तापवून घेण्याची युक्ति निघाली आणि बॉनेटखालची ती छोटी पेट्रोलची टाकीहि जाऊं लागली. स्टुम्फ १९९८ सालीं वारले. मद्यार्काचें हें पुनरागमन पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

आज ब्राझीलमधील पंपावर ‘निव्वळ पेट्रोल’ असें कांहीं मिळत नाहीं. २०२५ पासून तेथील पेट्रोलमध्येंच शेंकडा तीस भाग मद्यार्क असतो. शेजारच्या नळांतून येतो तो मद्यार्क, शेंकडा सात भाग पाण्यासह. गाडी उभी करून चालक प्रथम दोन्ही भावांच्या पाट्या पाहतो आणि मनांत भागाकार करतो. मद्यार्काचा भाव पेट्रोलच्या सात-दशांशांहून कमी असेल तर मद्यार्क, नाहीं तर पेट्रोल. पुढल्या महिन्यांत साखर महागली, तर तो पुन्हां भागाकार करील आणि दुसरा नळ उचलील.